सायबाचं पान

झूटरमेर, १२ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र मी गणपतीपासून लिहिते आहे. म्हणजे मनात. कागदावर आज. दर वेळी 'दादा' एवढं लिहायचं आणि चहा करायला उठायचं. चहा झाला की सायकल काढायची. सायकलवरून आलं की वाटायचं, आता संध्याकाळ झालीच आहे, उद्या बघू. तुझा लिफाफा खिडकीत उभा आहे आणि मी झोपताना त्याच्याकडे पाठ करते.

वहिनी, हे तूच वाचून दाखवते आहेस, माहीत आहे मला. दादाने मला फोनवर ब्लॉक केलंय, तू तर नाही ना केलंस. म्हणून कागदावर लिहून तुला फोटो पाठवते. सकाळच्या चहाच्या आधी वाचू नकोस. जेवणावर वाच. बांगडे असतील त्या दिवशी.

तर लिफाफा. बाबा गेल्यावर बागायतीच्या सातबाऱ्यावर आपल्या दोघांची नावं चढली. तू ती गोव्याच्या हॉटेलवाल्याला द्यायची ठरवलीस, आणि त्याआधी बहिणीने हक्क सोडायचा असतो, तसा मी सोडायचा. मी सही केलेली नाही. पण मला वाटा नको आहे. वहिनी, हे वाक्य दोनदा वाच. मला माडाची एक झावळसुद्धा नको. अडचण सायबाची आहे, फणसाखालच्या आपल्या राखणदाराची. बागायत गेली की त्याचा पाषाणही उचलणार.

हसू नको. किंवा हस, पण पुढचं ऐक.

दादा, मी इथे मोलकरीण आहे असं तू गावभर सांगितलंयस. मोलकरीण नव्हे, ऑ पेअर. एक वर्ष इथल्या एका डच घरात राहायचं, त्यांच्या लोटेला शाळेत सोडायचं, आणायचं, तिच्याशी बोलायचं, आणि मोकळ्या वेळात देश बघायचा. वर्ष जानेवारीत संपतं. पुढे काय ते विचारू नको, मी पण विचारत नाही. लोटे सहा वर्षांची आहे. मी तिला मराठीत 'चल गो' म्हणते आणि ती डचमध्ये 'येते येते' म्हणते, आमचं बरं चाललंय. तिची आई मारलूस. आणि मारलूसची आई ती ओमा. ओमा म्हणजे आजी. दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्यापेक्षा जोरात सायकल मारते, आणि तोंडावर बोलते. माझ्या केसांकडे बघून पहिल्याच दिवशी म्हणाली, "हे तुला शोभत नाही." बरं ते जाऊ दे.

इथे ज्या आठवड्यात घरात पहिल्यांदा हीटर लावावा लागतो, त्या रविवारी ओमाकडे सगळे जेवायला जमतात. फक्त सूप. त्यांच्याकडे ही पूर्वापार रीत आहे. मी हात धुवायला गेले आणि तिथेच रमले, कारण इथे लोक वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात लावतात. खरंच सांगते. बसल्या बसल्या कोणाचा वाढदिवस आला ते कळावं म्हणून. मी बाहेर आले तर सगळे टेबलाभोवती उभे, मध्ये मोठं पातेलं, त्यात सुक्या हिरव्या वाटाण्याचं घट्ट सूप. ओमाने लाकडी पळी घेतली आणि पातेल्याच्या मधोमध खुपसली. हात काढला. पळी उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दादा, माझ्या हातातला पाव खाली पडला.

आपण काळ्या वाटाण्याचं सांबार खाणारी माणसं. देवदिवाळीला फणसाखालच्या पाषाणापुढे सायबाचं पान मांडतो तेव्हा मात्र हिरवे वाटाणे. घरात आमटीला खोबरं, भाजीला खोबरं, पोह्याला खोबरं. सायबाच्या वाटाण्याला खोबरं नाही, मिरची नाही, फोडणी नाही. आणि आई त्यात पळी उभी करायची. पळी कलली की पातेलं परत चुलीवर. आपण पोरं मागे उभं राहून फुंकर मारायचो, पळी पडावी म्हणून, आणि तू मार खायचास कारण तू मोठा. का उभी करायची, विचारलं तर आई म्हणायची, "त्येका तशीच लागता." बस. एवढंच तिला तिच्या सासूने सांगितलं होतं.

टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. तिच्यापुढे ओमाने एक बाऊल भरून ठेवला. मी विचारलं, "कोण यायचंय अजून?"

"खेरिट," लोटे म्हणाली. "तो येत नाही."

खेरिट त्यांच्या घराण्यातला. डेल्फ्टमधल्या पिंपं बनवणाऱ्याचा धाकटा मुलगा. साडेतीनशे वर्षांपूर्वी डच कंपनीच्या जहाजावर चढला आणि पूर्वेला गेला. ओमाने निवृत्त झाल्यावर हेगच्या दफ्तरखान्यात बसून त्याचा माग काढला. या बंदरातून त्या बंदरात, भांडणं, आजारपणं, एकदा दारूपायी पगार कापलेला. शेवटी एका वखारीत कारकून. तिथली वखार कंपनीने गुंडाळली, बाकीचे जहाजात बसले, हा बसला नाही. नाव पुढे कुठेच नाही. मी विचारलं, कुठली वखार? ओमाने जे नाव घेतलं ते तिने नाकातून घेतलं, पण दादा, ते वेंगुर्लंच होतं. आपल्याच बंदरावरची वखार. जिच्या पडक्या भिंतीवर तू मला सायकल शिकवताना आपटलंस ती.

आपला सायब हाच असला तर? म्हणून म्हणते, देवदिवाळीपर्यंत पाषाणाला हात लावू नको. तेवढंच. मला नीट विचार करू दे.

योगू


झूटरमेर, १९ ऑक्टोबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. वहिनीने तुझ्याच शब्दांत पाठवलंय, म्हणून ते वाचताना तुझा आवाज ऐकू आला. "तुझ्या सायबाक तूच जेवूक घाल. सही कर." त्याखाली, "सायब म्हणे राखणदार. माकडां त्येका दिसनत नाय काय?"

मान्य. माकडं आहेत, रानडुकरं आहेत, माडावर चढायला माणूस मिळत नाही, तुझा गुडघा आहे, आणि कुडाळला फ्लॅट घेतला तर वहिनीला पाणी शेंदावं लागणार नाही. हे सगळं मला माहीत आहे. मी नर्सिंग अर्धं टाकलं, गोव्यातलं हॉटेल टाकलं, पुण्यातलं ते कॉल सेंटर तर कितव्या दिवशी टाकलं तेही आठवत नाही, आणि तू एकदाही बागायत टाकली नाहीस. मला बोलायचा अधिकार नाही असं तू लिहिलं नाहीस, पण ऐकू आलं.

आणि ते शेवटचं वाक्य. "आपण कोणाच्या वंशातले ते तिथे बसून ठरवू नको." मी काही ठरवलेलं नाही रे. घारे डोळे म्हणशील तर ते अर्ध्या कोकणाचे आहेत. मी फक्त एवढंच म्हणते, की फोडणीशिवाय वाटाणे शिजवायचे आणि पळी उभी करायची हे कोणीतरी कोणालातरी शिकवलं. तो जिवंत असताना त्याला कोणीतरी शिजवून घालत होतं. ती आपल्या घरातली होती. पुढचं तू बोलू नको, मीही बोलत नाही.

पण आता एक घोटाळा झालाय. माझ्याकडून. वहिनी, बांगडे असतील तरच पुढे वाच.

त्या रविवारी मी ओमाला सायबाचं सगळं सांगितलं. आईचं, पळीचं, फुंकर मारायचं. मग मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं, म्हातारं माणूस गप्प झालंय. म्हणून मी म्हटलं, "या ना एकदा आमच्याकडे कोकणात."

आता तूच सांग, याचा अर्थ काय होतो? काही होत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही आपण म्हणतो. ती म्हणते, येईन येईन, आणि कणकवलीला उतरून जाते.

ओमा उठली. कपाटावरून तिची डायरी आणली. चष्मा लावला.

"कधी?"

दादा, इथे मैत्रिणीकडे कॉफीला जायचं तरी दोघी डायऱ्या काढतात. हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "केव्हाही."

"केव्हाही असा वार नसतो. तुम्ही त्याला जेवण कधी देता?"

"देवदिवाळीला."

"ती कधी असते?"

मी फोनमध्ये कालनिर्णय उघडलं. वेडी का खुळी मी! एकवीस नोव्हेंबर, मी सांगितलं. तिने लिहिलं. मग डायरी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "पत्ता." मी तुळसकर, बागायतवाडी, गिरणीच्या पुढे डावीकडे, असं सगळं लिहून दिलं. पेन तिचं चांगलं होतं, तेवढ्यात ते पण डोक्यात आलं, की असं पेन आपल्याकडे मिळत नाही.

काल तिने तिकीट काढलं. मोपा विमानतळाचं. व्हिसा फोनवरच मिळतो म्हणते.

मी तिला अडवते. तू काळजी करू नको. पण तोपर्यंत पाषाण हलवू नको, आणि तिच्याबद्दल गावात बोलू नको.

योगू


झूटरमेर, २ नोव्हेंबर

दादा,

दोन आठवडे पत्र नाही म्हणजे मी विसरले असं नाही. मी ओमाला 'नको' म्हणत होते. त्यालाच आठवडा गेला.

पहिल्यांदा म्हटलं, तिकडे फार उकडतं. ती म्हणाली, सुती कपडे घेतलेत. मग म्हटलं, रस्ता वाईट आहे. "मी इंडोनेशियात बैलगाडीत बसले आहे." घर लहान आहे. "मी हॉटेलात राहीन, फक्त जेवायला येईन." जेवण तिखट असतं. "त्याचं तर नसतं ना? मी त्याच्याबरोबर जेवणार आहे." मग मी शेवटचं बाहेर काढलं. म्हटलं, माझ्या दादाचं सध्या जरा कामाचं चाललंय. ती म्हणाली, "बरं."

आपल्याकडे कोणी 'बरं' म्हणालं की विषय संपतो. तिने डायरी मिटली, कॉफी ओतली, लोटेच्या दातांविषयी बोलायला लागली. मी सुटले. घरी येताना सायकल दोन्ही हात सोडून चालवली. तेव्हापासून मी तिच्या गल्लीतून जातच नाही, उगाच परत विषय नको. तलावाच्या बाजूने लांबून जाते. तिकडे जंगली बदकं रस्त्यात बसतात आणि हटत नाहीत, त्यांच्याशी भांडण्यात माझा बराच वेळ जातो.

तर ओमा येणार नाही. हे एक झालं.

पण त्या दिवशी तिने आणखी एक सांगितलं, ते मला छळतंय. मी विचारलं होतं, खेरिटचा बाऊल तुम्ही शेवटी काय करता? ती म्हणाली, ओतून देतो. गार झाला की. मी म्हटलं, गार का? आमच्याकडे सायबाच्या पानावर वाफ दिसली पाहिजे, नाहीतर आई परत नेऊन गरम करायची. ती हसली. म्हणाली, "तुझ्या लोकांना तो आवडत असेल. आमच्याकडे हे प्रेमाने सुरू झालेलं नाही."

खेरिटला मोठा भाऊ होता. बापाचं पिंपांचं दुकान त्याच्या गळ्यात पडलं, आणि म्हातारे आईबाप, आणि खेरिटने मागे ठेवलेली भांडणं. दर हिवाळ्यात जहाजं परत यायची त्या सुमारास तो धाकट्यासाठी बाऊल भरायचा आणि सगळ्यांसमोर गार होऊ द्यायचा. बघा, आला नाही. पुढच्या वर्षी परत. बघा, याही वर्षी नाही. ओमा म्हणाली, "राग इतकी वर्षं पुरतो. पण साडेतीनशे वर्षांनी तो कोणावर होता ते कोणाला आठवत नाही, मग लोक त्याला परंपरा म्हणतात आणि टाळ्या वाजवतात."

दादा, तू माझं पान मांडतोस का रे? गंमत म्हणून विचारते. गंमत नाही.

मृदुलाताईकडे गेले होते. ती इथेच राहते, मूळची साताऱ्याची, नवऱ्याबरोबर आली होती, आता घरून केकच्या ऑर्डरी घेते. गणपतीत ओळख झाली. तिला तुझा लिफाफा दाखवला. तिने पीठ लागलेल्या हातानेच वाचला.

"हक्कसोड? हे तर सगळ्याच देतात गं. मीही दिलं."

"मग काय झालं?"

"काय होणार? भावाने पैठणी पाठवली." मग ओव्हनकडे वळून म्हणाली, "नेसले नाही अजून. निमित्त नाही मिळालं."

"तुला वाईट वाटलं?"

"तू एक तर वाईट वाटून घे, नाहीतर सही कर. दोन्ही एकदम करू नकोस, केक जळेल माझा." असं म्हणाली आणि मला अंडी फोडायला लावली.

तुझा नवा निरोप वहिनीने सांगितला. हॉटेलवाल्याला महिनाअखेर कागद हवेत. मला कळलंय. देते.

योगू


झूटरमेर, ११ नोव्हेंबर

दादा,

केली सही.

काल हेगला गेले. आधी चुकीच्या ट्राममध्ये बसले, समुद्रावर पोचले. आता आलेच आहे तर म्हणून थोडी चालले. वारा असा की तोंडात वाळू. मग वाटलं, खेरिट इथूनच कुठूनतरी गेला असेल. मग म्हटलं, मूर्खे, वकिलातीची वेळ संपेल, आणि पळत सुटले. वकिलातीतल्या बाईंनी हक्कसोडीसाठी तू पाठवलेलं मुखत्यारपत्र बघितलं, विचारलं, "स्वखुशीने देताय?" मी म्हटलं हो. शिक्का बसला. तिथूनच कुरियर केलं. आता माझ्या नावाने तू कुठेही सही करू शकतोस. पाषाण तुझा आहे, फणस तुझा आहे.

का केली ते सांगते. तुझ्या रागाला घाबरून नव्हे. वहिनीने आवाजी निरोप पाठवला होता, तुला न सांगता. वहिनी, हे वाचताना तुला कसंतरी होईल, पण वाच. तू म्हणालीस, "तुमी दोगाय दगडासाठी भांडतास. वाटाणे शिजवतंय मी. पळी पडली म्हणान सासूची बोलणी खाल्लंय मी. माका कोणी इचारल्यान काय?"

मी तो निरोप सायकल थांबवून ऐकला. मग परत ऐकला. खरंच, वहिनी, तुला कोणी विचारलं? मी इथे बसून सायबाचं सायबाचं करते, आणि देवदिवाळीच्या आदल्या दिवशी वाटाणे भिजत घालायचे असतात हे मला माहीतसुद्धा नव्हतं. मला वाटायचं ते थेट शिजतात.

जे राहतात त्यांनी ठरवावं. मी राहिले नाही.

ओमाशी बोलणं नाही. तिला काय सांगू? पाषाण जाणार, हे मी तिला सांगितलेलंच नाही. मारलूसही हल्ली कामात असते, हूफडॉर्पच्या ऑफिसातून उशिरा येते. जेवायला बसलो की लोटे विचारते, खेरिट आला का? कारण मी तिला गोष्ट सांगताना सांगून बसले की तो आमच्याकडे दर वर्षी जेवायला येतो.

कागद मिळाल्यावर कळव. नाही कळवलंस तरी चालेल. कळव पण.

योगू


झूटरमेर, २१ नोव्हेंबर, सकाळी

दादा,

कागद मिळाल्याचं कळलं. आज दुपारी गुरवाला बोलावलंयस, गाऱ्हाणं घालून पाषाण उचलायचा, आणि यंदा पान मांडायचं नाही, हेही वहिनीकडून कळलं. तू म्हणालास म्हणे, "निघणाऱ्याक पान कशाक?" असेल. मी काही बोलणार नाही. बोलायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे, बघ.

मी इथे वाटाणे भिजवलेत. काल संध्याकाळी. दुकानातल्या बाईने विचारलं, सूप? मी म्हटलं, हो, पाहुण्यासाठी. आता लोटेला उठवून पावाला लोणी लावायचं आहे, शाळेत सोडायचं, मग शिजवेन. पळी उभी राहील असं वाटत नाही. आईचा हात वेगळा होता, वहिनीचाही आहे. बाहेर अजून उजाडलं नाही, तुझ्याकडे ऊन चढलं असेल, तू फणसाखाली उभा असशील, हातात पहार घेऊन, आणि दुखऱ्या गुडघ्यावर भार न देता. सांभाळून वाक. ते काम दुसऱ्या कोणाला

थांब. वहिनीचा फोन.

दादा, मी फोन कानाशी धरून लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं येईल. वहिनी कुजबुजते आहे. "योगू, एक गोरी म्हातारी इली आसा. रिक्षातसून उतारली. छत्री आसा. आपली पळी घेवन इली आसा गो, लाकडाची. पयल्यांदा मोरी खय ता इचारल्यान."

मी धावत खाली गेले. मारलूस कॉफी पीत होती.

"ओमा कुठे आहे?"

"भारतात," ती म्हणाली, जणू मी वेळ विचारली. "काल पहाटे मी तिला विमानतळावर सोडलं. तुला माहीत नाही? कॅलेंडरवर आहे!"

मी आमच्या संडासातल्या कॅलेंडरकडे गेले. ऑक्टोबरचंच पान वर होतं, कोणी उलटलेलं नव्हतं. मी उलटलं. एकवीस तारखेवर ओमाचं बारीक अक्षर: खेरिटकडे जेवायला.

"पण मी तिला नको म्हटलं होतं!"

"तू म्हटलंस?" मारलूसने नीट विचारलं, चिडून नव्हे. "नको, असं म्हटलंस?"

दादा, मी उकडतं म्हटलं होतं. रस्ता वाईट म्हटलं होतं. 'नको' म्हटलं नव्हतं.

आता ऐक. वहिनी, हे जेवणापर्यंत ठेवू नकोस, फोटो आला की धावत जा आणि दाखव. दादा, ती तोंडावर बोलेल, मनावर घेऊ नको. चहात साखर घालू नका. ती हात जोडणार नाही, हात पुढे करेल, तो धर. तिला माहीत नाही की पाषाण आज जाणार आहे. ती खेरिटच्या भावाच्या घरची आहे, गार बाऊलवाल्या. एवढ्या वर्षांनी त्या घरातलं पहिलं माणूस तिथवर आलंय आणि ते तुझ्या ओसरीवर उभं आहे. तू तिला काय सांगायचं ते तू ठरव. मी सही केली आहे, मी मध्ये पडत नाही.

वहिनीने फोन खिडकीत ठेवून दिलाय, चालूच. मला ऐकू येतंय. कोंबड्या. ओमाचं इंग्रजी, "योगिनीज ब्रदर?" तुझ्या चपला. पहार भिंतीला टेकवल्याचा आवाज. तू "सिट, सिट" म्हणालास. ती बसली असावी, आपली ती खुर्ची करकरते.

लोटे जिन्यावर येऊन उभी आहे, मी तिला बोटाने गप्प केलंय.

आता तू बोललास. हळू, आत वहिनीकडे तोंड करून.

"शामल, वाटाणे भिजत घातलंस काय गो?"

"काल रातीच."

आणि मग बाहेर, गुरवाला, "वायच बसा. जेवण होऊ दे."

पातेलं खाली काढल्याचा आवाज येतोय. दादा, तिची पळी वापर.